खाटा मोजाव्यात की खिसे?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात संख्याशास्त्रावर बोलायचे होते. सुरुवात म्हणून मी सर्वांना एक छोटे काम दिले. एका अनोळखी देशाची आरोग्यव्यवस्था चांगली की वाईट हे ठरवायचे आहे आणि तुम्हाला फक्त तीन आकडे मागवता येतील. कोणते मागवाल? चिठ्ठ्या गोळा केल्या. बहुतेकांनी लिहिले होते : डॉक्टर किती, रुग्णालये किती, खाटा किती. बालमृत्यूचा दर मागणारे थोडेच निघाले. आजारपणात घरच्यांना पदरचे किती पैसे घालावे लागतात, हा आकडा मागणाऱ्या एकच बाई होत्या.

चहाच्या वेळी एक सर म्हणाले, ‘‘आमचा एक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तानला गेलाय. पूर्वीच्या सोव्हिएत देशांत म्हणे खाटाही भरपूर आणि डॉक्टरही. मग तिथली माणसं आपल्यापेक्षा निरोगी असतील ना?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येईना. घरी आल्यावर जागतिक बँकेचा १९९३ सालचा जागतिक विकास अहवाल पुन्हा काढून वाचला. ‘आरोग्यातील गुंतवणूक’ हा त्याचा विषय. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या या अहवालाने गरीब देशांच्या आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या सोव्हिएतोत्तर देशांच्या आरोग्य-सुधारणांना मोठी दिशा दिली. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याच्याकडे थोडे तटस्थपणे पाहता येते. सोव्हिएत व्यवस्थेने खाटा मोजल्या आणि या अहवालाने आयुष्याची वर्षे मोजली. दोन्ही मापांनी काय दाखवले, काय झाकले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी हा लेख.

खाटांचे राज्य

क्रांतीनंतर १९१८ मध्ये निकोलाय सेमाश्को रशियाचे पहिले आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना समजायला सोपी आहे. उपचार सरकारने द्यायचे, ते फुकट असायचे आणि खेड्यापासून राजधानीपर्यंत एकावर एक टप्पे उभारायचे. खेड्यात फेल्डशर, म्हणजे डॉक्टरपेक्षा कमी काळ शिकलेला वैद्यकीय साहाय्यक, आणि सोबत एक सुईण. त्यावर पॉलिक्लिनिक, त्यावर तालुक्याचे रुग्णालय, मग प्रांताचे, मग राजधानीचे. साथींवर नजर ठेवायला वेगळी स्वच्छता-केंद्रे.

या रचनेला नावे ठेवण्यापूर्वी तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. झारच्या काळाच्या अखेरीस रशियातील सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सत्तरच्या जवळ पोचले. मध्य आशियातील डोंगराळ आणि वाळवंटी भागांत, जिथे पूर्वी डॉक्टर औषधालाही सापडत नव्हता, तिथे लसीकरण पोचले. जगातून देवी हद्दपार करण्याचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी व्हिक्तर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य सभेत मांडला होता, आणि भारतातील देवी निर्मूलनासाठी लागलेल्या लसीचा मोठा साठाही तिथूनच आला होता.

मग अडचण कुठे झाली? अडचण पैसे वाटण्याच्या पद्धतीत होती. रुग्णालयाला पैसे मिळत ते त्याच्याकडे खाटा किती, त्या भरलेल्या किती आणि मंजूर कर्मचारी किती यावर. आता आपण अशा रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर आहोत असे समजा. एखादा रुग्ण पाच दिवसांत बरा झाला तर त्याला घरी पाठवाल का? पाठवले तर खाट रिकामी, आणि खाट रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी पैसे कमी. साहजिकच रुग्ण दोन-दोन आठवडे पडून राहत. घरी राहून बरे होणारे आजारही दवाखान्यात येत. सोव्हिएत संघात १९८०च्या दशकाच्या अखेरीस दर हजार लोकसंख्येमागे सुमारे १३ खाटा होत्या. भारतात त्या वेळी हजारामागे पुरती एक खाटही नव्हती. शिबिरातील चिठ्ठ्यांच्या हिशेबाने सोव्हिएत संघ जगात पहिला आला असता.

प्रत्यक्षात १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर सोव्हिएत पुरुषांचे आयुर्मान वाढायचे थांबले आणि घसरू लागले. हृदयविकार, रक्तदाब, दारू आणि धूम्रपान यांनी माणसे मरत होती, आणि त्यावर खाट हा उपाय नव्हता. साथीच्या रोगांशी लढायला उभारलेले सैन्य नव्या शत्रूपुढे कवायत करत राहिले.

क्षयरोगाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. क्षयाच्या रुग्णाला महिनोन् महिने रुग्णालयात ठेवण्याची तिथे पद्धत होती. खाटांवर पैसे मिळत असल्यामुळे ती बदलण्यात कोणालाच रस नव्हता. १९९०च्या दशकात औषधांचा पुरवठा तुटक झाला, अर्धवट उपचारांमुळे औषधांना न जुमानणारे जंतू तयार झाले आणि त्यांचे रुग्ण व साध्या क्षयाचे रुग्ण एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी राहिले. आज बहुऔषधरोधी क्षयाचे प्रमाण जगात ज्या देशांत सर्वांत जास्त आहे त्यांत अनेक माजी सोव्हिएत देश आहेत, किर्गिझस्तानही त्यांत आहे. रोग बरा करण्यासाठी ठेवलेली खाट रोग पसरवण्याचे ठिकाण झाली.

आकडा सुधारण्याचा सोपा मार्ग

मोजमापाविषयी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती वर्गात सांगण्याजोगी आहे. सोव्हिएत नियमानुसार २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले, १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचे बाळ पहिल्या सात दिवसांत दगावले, तर त्याची नोंद जिवंत जन्म म्हणून होत नसे. म्हणजे ते बालमृत्यूतही धरले जात नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मात्र वजन किंवा लांबी कितीही असो, जन्मल्यावर जिवंतपणाचे कोणतेही लक्षण दिसले तरी तो जिवंत जन्म. साहजिकच सर्वांत नाजूक बाळे सोव्हिएत हिशेबातून गळत. पुढे १९७०च्या दशकाच्या मध्यास बालमृत्यूचा दर वाढू लागल्यावर सरकारने तो प्रसिद्ध करणेच थांबवले. ग्लासनोस्तच्या काळात तो पुन्हा छापला जाऊ लागला.

किर्गिझस्तानने २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या स्वीकारली, आणि देशाचा अधिकृत बालमृत्यू दर एकदम वाढला. वर्तमानपत्रातला मथळा वाचणारा म्हणेल, सुधारणा फसल्या. खरे म्हणजे त्या वर्षी एकही जास्तीचे बाळ दगावले नसते तरी आकडा वाढलाच असता. आधी न मोजलेली बाळे आता मोजली जाऊ लागली होती. एखाद्या शाळेत नापासांचे दाखले निकालापूर्वीच काढून देण्याची पद्धत बंद झाली तर शाळेचा निकाल खाली येतो. शाळा मात्र सुधारलेली असते. हे आपल्या व्यवसायातील लोकांना अधिक समजावून सांगायची गरज नाही.

अल्मा-अता आणि जामखेड

१९७८च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत कझाकस्तानची तेव्हाची राजधानी अल्मा-अता येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले. ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ या ध्येयाचा मार्ग म्हणून प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा तिथे झाली. मोठ्या रुग्णालयांऐवजी गावपातळीवरील सेवा, पिण्याचे पाणी, आहार, लसीकरण आणि लोकांचा सहभाग यांवर तिचा भर होता. यजमान देश खाटांच्या संख्येत जगात अग्रेसर होता, हा योगायोग गमतीचा म्हणायला हवा.

या घोषणेचा एक धागा आपल्या मातीतूनही जातो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रिया आरोग्याचे काम करू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातील अशा प्रयोगांचे एक पुस्तक काढले. त्यात जामखेडचा समावेश होता आणि अल्मा-अताच्या विचाराला त्या पुस्तकाने बळ दिले.

पण घोषणेची शाई वाळते न वाळते तोच तिच्यावर आक्षेप आला. एवढे सगळे करायला पैसा कुठून आणायचा? १९७९ मध्ये ज्युलिया वॉल्श आणि केनेथ वॉरन या संशोधकांनी मांडले की सर्व काही करण्यापेक्षा कमी खर्चात जास्त जीव वाचवणारे मोजके उपाय निवडावेत. जुलाबावर मीठ-साखर-पाणी, लसी, स्तनपान अशा उपायांवर मग भर आला. यातून कोट्यवधी मुले वाचली हे निर्विवाद आहे. मात्र एक बदल नकळत झाला. ‘व्यवस्था कशी उभी करावी’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणता उपाय विकत घ्यावा’ हा प्रश्न पुढे आला. १९९३चा अहवाल हे या वाटेवरचे पुढचे ठिकाण.

वर्षे मोजणारा अहवाल

अहवालाची बलस्थाने आधी सांगतो. गरीब देशांची सरकारे शहरातील मोठ्या रुग्णालयांवर पैसा ओततात आणि क्षयाच्या गोळ्या, लसी, प्रसूतीची सोय यांसारख्या स्वस्त गोष्टी उपाशी ठेवतात, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले. मृत्यूच नव्हे, तर आंधळेपणा, मानसिक आजार, अपंगत्व यांचेही ओझे मोजायला हवे असा आग्रह धरला. मानसिक आजारांकडे त्यापूर्वी आरोग्याचे नियोजन करणारे ढुंकूनही पाहत नव्हते. अत्यावश्यक सेवांचा एक संच ठरवून गरीब देशांत तो दरमाणशी वर्षाला सुमारे १२ डॉलरमध्ये देता येईल असा हिशेबही मांडला. सरकारांना धरून विचारता येईल असा हा ठोस आकडा होता.

या सर्वांसाठी क्रिस्तोफर मरे आणि अॅलन लोपेझ यांनी विकसित केलेले एक नवे माप वापरले गेले, त्याला ‘डॅली’ म्हणतात. कल्पना अशी : अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारात वा अपंगत्वात काढलेली वर्षे, दुसऱ्या प्रकाराला त्याच्या तीव्रतेनुसार काही अंश देऊन, एकत्र मिळवायची. जो उपाय एका डॉलरमध्ये जास्त डॅली वाचवेल तो आधी करायचा. ऐकायला हे अगदी वैज्ञानिक वाटते. पण या मापात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या विज्ञानातून आलेल्या नव्हत्या.

पहिली, भविष्यातील वर्षांना दर साल ३ टक्के दराने वटाव. बँकेत पुढच्या वर्षी मिळणाऱ्या रुपयाची किंमत आजच्या रुपयापेक्षा कमी, त्याच न्यायाने पुढच्या आयुष्याची किंमत कमी. नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित करून घ्या. तीस वर्षांनंतरचे एक वर्ष आज किती? १.०३चा तिसावा घात काढून त्याने १ला भागले की उत्तर सुमारे ०.४१ येते. साठ वर्षांनंतरचे वर्ष सुमारे ०.१७. नवजात मुलाने ८० वर्षे जगायला हवे असे धरले, तर त्याची ही ८० वर्षे वटाव करून ३० वर्षांच्या आसपास भरतात. बाळ दगावले, ८० वर्षे गेली, आणि वहीत लिहिली ३०.

दुसरी गोष्ट, वयाप्रमाणे भार. पंचविशीच्या आसपासच्या माणसाचे एक वर्ष सर्वांत मोलाचे आणि तान्ह्या मुलाचे किंवा म्हाताऱ्याचे वर्ष त्याहून कमी मोलाचे धरले होते. कारण, तरुणांवर इतर लोक अवलंबून असतात. हे म्हणणे चूक की बरोबर हा वेगळा वाद. पण तो नीतीचा निर्णय आहे, निरीक्षणातून मिळालेले सत्य नव्हे. तो सूत्रात घालून दशांश चिन्हासह बाहेर काढला की मंत्री आणि अधिकारी त्याला सत्य समजतात. मापाच्या कर्त्यांनी हे गृहीतक लपवले नव्हते. पुढे टीकेनंतर, २०१२च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभाराच्या नव्या अभ्यासात वटाव आणि वयाचा भार दोन्ही काढून टाकण्यात आले. विज्ञान आपली चूक दुरुस्त करते, याचे हे चांगले उदाहरण. मात्र मधल्या जवळजवळ दोन दशकांत त्या सूत्रावर बसवलेल्या योजना कागदावरून गावात पोचल्या होत्या.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. डॅलीचा हिशेब एकेका उपायाचा होतो, पण उपाय एकेकटे येत नाहीत. लस टोचायला नर्स लागते, नर्सला पगार लागतो, लसीला फ्रीज लागतो, फ्रीजला वीज. ही सामाईक चौकट उभी आहे असे धरूनच ‘एका डॉलरमध्ये इतक्या डॅली’ हा हिशेब जुळतो. अहवाल लिहिला जात होता त्याच काळात माजी सोव्हिएत देशांत नेमकी ही चौकट कोसळत होती. लशींचा पुरवठा आणि लसीकरण ढासळल्यामुळे तिथे घटसर्पाची साथ उसळली. १९९०च्या दशकात दीड लाखाहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे पाच हजार दगावले. जो रोग जवळजवळ संपला असे मानले जात होते, त्याने! जॉर्जियात १९९४ मध्ये सरकारचा आरोग्यावरील खर्च दरमाणशी वर्षाला एक डॉलरच्याही खाली गेला होता. बारा डॉलरचा संच आणि एक डॉलरचा खिसा.

खिसा कोणी पाहिला?

मग सरकारकडे पैसा नसेल तर तो रुग्णांकडून घ्यावा, हा विचार त्या आधीपासून रुजत होता. जागतिक बँकेच्याच १९८७ मधील एका धोरणपत्राने गरीब देशांत उपचारांसाठी शुल्क आकारण्याची शिफारस केली होती. युक्तिवाद असा, की लोक तसेही पैसे खर्च करतातच, शिवाय फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही.

दुसरे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललेलो असतो. पण विज्ञानाच्या शिक्षकाने म्हणीवर विसंबू नये, तपासावे. नैरोबीतील लैंगिक आजारांच्या एका सरकारी केंद्रात १९८९च्या डिसेंबरमध्ये शुल्क सुरू झाले. तिथे येणाऱ्या पुरुषांची संख्या आधीच्या सुमारे ४० टक्क्यांवर आली, स्त्रियांची ६५ टक्क्यांवर. न आलेले रुग्ण बरे झाले नव्हते, ते संसर्ग घेऊन घरी बसले होते. पुढे जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा या संशोधिकांनी केनियातच रीतसर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दवाखान्यांची निवड करून काही ठिकाणी गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या फुकट दिल्या, काही ठिकाणी अगदी अल्प किमतीत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष : फुकटऐवजी जेमतेम ६० सेंट किंमत ठेवली तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६० अंकांनी घसरते. आणि विकत घेणाऱ्यांनी ती जास्त वापरली, असे काही आढळले नाही.

एवढ्यावरून ‘शुल्क नेहमीच वाईट’ असा नियम बांधावा का? थांबा. किर्गिझस्तानची कथा इथे उपयोगी पडते.

पर्वतापलीकडची परीक्षा

अल्मा-अताच्या दक्षिणेला पर्वत ओलांडला की इसिक-कुल हे विशाल सरोवर लागते. ते किर्गिझस्तानात. १९७८च्या घोषणेच्या गावापासून इतक्या जवळच्या या प्रांतात १९९०च्या दशकाच्या मध्यास सुधारणांचा पहिला प्रयोग झाला. विखुरलेल्या डॉक्टरांना एकत्र आणून कुटुंब-डॉक्टरांचे गट बांधले आणि आपला गट निवडण्याची मुभा लोकांना दिली. १९९६ मध्ये ‘मनास’ या नावाने दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. किर्गिझ महाकाव्याचा नायक मनास, त्याचे हे नाव.

देशापुढची अडचण सांगायला सोपी होती. तालुक्याचे, शहराचे, प्रांताचे आणि राजधानीचे अंदाजपत्रक वेगवेगळे. प्रत्येकाची रुग्णालये वेगळी. एकाच शहरात एकच काम करणाऱ्या दोन-तीन इमारती, आणि कडाक्याच्या थंडीत त्या तापवण्यावरच पैसा संपायचा. औषधाला उरायचे नाही. मग रुग्णाच्या हाती चिठ्ठी : सलाईन आणा, सुया आणा, हातमोजे आणा. डॉक्टरला पगार नगण्य, तेव्हा त्याच्याही खिशात काही सरकवायचे. कागदावर उपचार फुकट होते. खाटाही भरपूर होत्या.

२००१पासून एक-एक प्रांत घेत नवी पद्धत आली. सगळ्या पातळ्यांचे पैसे एका निधीत गोळा करायचे. रुग्णालयाला खाटेमागे नव्हे, तर उपचार केलेल्या रुग्णामागे पैसे द्यायचे, आणि कुटुंब-डॉक्टरांना नोंदलेल्या माणसांमागे. आता जादा इमारत म्हणजे जादा पैसा हे समीकरण मोडले. शेकडो इमारती बंद झाल्या आणि काही वर्षांत खाटांची संख्या बरीच खाली आली. त्याच वेळी दाखल होताना द्यायचे ठराविक, उघड शुल्क लावले गेले, आणि काही गटांना त्यात सूट दिली गेली.

शुल्क लावल्यावर नैरोबीसारखी रुग्णसंख्या कोसळायला हवी होती का? इथे या सुधारणेचा मला सर्वांत आवडणारा भाग येतो. ती एकदम देशभर न लावता टप्प्याटप्प्याने लावली गेली. त्यामुळे सुधारणा झालेल्या आणि अजून न झालेल्या प्रांतांची तुलना करता आली. शिवाय २००१, २००४ आणि २००७ मध्ये घरोघरी जाऊन विचारले गेले : आजारपणात काय काय खर्च झाला? कोणाला दिले? कशासाठी दिले? रुग्णालयाच्या नोंदीत जे कधीच दिसले नसते ते या पाहण्यांत दिसले. रुग्णाने बाहेरून आणायच्या औषधांचा आणि सामानाचा भार पहिल्या वर्षांत कमी झाला. खर्चाचा अंदाज आधी येऊ लागला.

म्हणजे शुल्क तेच, पण परिणाम निराळा. कारण नैरोबीत जे फुकट होते त्याला किंमत लागली, आणि किर्गिझस्तानात जी किंमत लपवून घेतली जात होती ती काही अंशी उघड आणि मर्यादित झाली. हा फरक खाटा मोजून कळला नसता, डॅली मोजूनही कळला नसता. तो खिसा पाहिल्यावरच कळला.

अपुरे राहिलेले

मात्र या यशाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या हाती गुपचूप पैसे ठेवण्याची प्रथा मोडली नाही. पगार जगण्यापुरते नसताना ती नुसत्या नियमाने मोडतही नाही. कुटुंब-डॉक्टर म्हातारे होत गेले आणि तरुण डॉक्टर रशिया-कझाकस्तानकडे निघून गेले. पुढे खिशातील खर्चाचा भार पुन्हा वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवले की आता लोकांना गरिबीत लोटणारा मुख्य खर्च रुग्णालयाचा नसून दाखल न होता घ्यायच्या औषधांचा आहे. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. तिच्यासाठी खाट लागत नाही, पण पैसे दर महिन्याला लागतात. किर्गिझस्तानात सर्वाधिक मृत्यू हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनीच होतात. सुधारणेने दाखल झालेल्या रुग्णाचे ओझे हलके केले आणि घरी गोळ्या घेणारा रुग्ण तिच्या नजरेतून बराच निसटला.

जॉर्जियाने दुसरी वाट धरली. २००७पासून जवळजवळ सर्व रुग्णालये खासगी हाती देण्याची योजना आली. नव्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या, पण आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशाचा वाटा निम्म्याहून कितीतरी अधिकच राहिला. शेवटी २०१३ मध्ये सरकारला सार्वत्रिक आरोग्यसेवेचा कार्यक्रम सुरू करून स्वतःचा खर्च वाढवावा लागला.

मग १९९३च्या अहवालाविषयी निर्णय काय? त्याने विचारलेला प्रश्न योग्य होता : मर्यादित पैशात जास्तीत जास्त आरोग्य कसे मिळवावे? पण उत्तरे तपासण्याची सोय त्याने पुरेशी मागितली नाही. औषध बाजारात आणण्यापूर्वी आपण चाचण्या मागतो. काही माणसांना औषध, काहींना नाही, मग तुलना. कोट्यवधी माणसांवर लावायच्या सुधारणेला मात्र तज्ज्ञांचे एकमत पुरेसे समजले गेले. किर्गिझस्तानने गरिबीत, २००५ आणि २०१० अशी दोन राजकीय उलथापालथी सोसूनही, जे केले ते याहून अधिक शास्त्रीय होते. थोडे करा, शेजारच्याशी ताडून पाहा, माणसांना विचारा आणि मग पुढे जा. त्या पाहण्यांमुळेच आज तिथल्या अपयशाविषयीही आपण नेमके बोलू शकतो.

त्या सरांना मी पत्राने उत्तर दिले ते थोडक्यात असे : तिथे खाटा खूप होत्या म्हणून माणसे निरोगी नव्हती, आणि खाटा कमी झाल्या म्हणून ती आजारी पडली नाहीत. तुमचा विद्यार्थी सुट्टीत आला की त्याला एवढेच विचारा, तिथला रुग्ण घरी जाताना काय काय देऊन जातो?

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांनी आपापल्या घरी, नावे न लिहिता, गेल्या वर्षातील एका आजारपणाचा खर्च विचारून यावा : तपासणीची फी, औषधे, चाचण्या, प्रवास, बुडालेली मजुरी, आणि पैसे कुठून आणले – शिल्लक, उसने, की दागिने मोडून. वर्गाचा एक तक्ता करा. सरासरी काढा, मग मध्यक काढा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर तो का, यावर एक तास चर्चा होऊ शकते. त्यानंतर शिबिरातला माझा प्रश्न मुलांना घाला आणि कोणते तीन आकडे मागवाल ते लिहायला सांगा. शिबिरात एकाच चिठ्ठीवर आलेले उत्तर तुमच्या वर्गात किती चिठ्ठ्यांवर येते, ते मला जरूर कळवा.